आबांच्या गाडीचे दोन नवे दिवे

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत, पण कुसगावजवळच्या त्या अपघाताची सकाळ माझ्या आठवणीतून हललेली नाही. नाव कोणाचंच लिहीत नाही. चुकलेल्या एका माणसाचं लिहायला हरकत नव्हती, तो मीच होतो.

श्रावणातला सोमवार. मी तेव्हा मावळातल्या एका ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो. शनिवार-रविवारच्या पर्यटकांनी ठाण्याला पार पिळून काढलेलं असायचं आणि सोमवारी सकाळी जरा श्वास घ्यावा म्हटलं की काहीतरी निघायचंच. त्या दिवशी सव्वासातला फोन आला. कुसगावची एक बाई, हॉटेलात साफसफाईचं काम करणारी, पायी कामावर निघाली होती. तिला मागून एका गाडीनं उडवलं आणि गाडी न थांबता निघून गेली. धुकं इतकं होतं की जीपमधून मला बॉनेटच्या पुढचं दिसत नव्हतं.

त्या मावशींचं मांडीचं हाड मोडलं होतं, पण जीव वाचला. जागेचा पंचनामा केला. रस्त्याच्या कडेला गाडीच्या दिव्याचे तुकडे पडले होते, त्यातला एक तळहाताएवढा. ते जमा करून सील केले. शेजारच्या बंगल्याच्या कॅमेऱ्यात धुक्यातून एक पांढुरकी छोटी गाडी सरकताना दिसत होती. जुन्या बांधणीची. नंबर वाचणं शक्यच नव्हतं.

दुपारी दवाखान्यात मावशींचा जबाब घेतला. त्या शुद्धीवर होत्या आणि माझ्यावर चिडलेल्या होत्या.

"मी रस्त्याच्या मदी चालत व्हते का, हे इचारू नगा," त्या म्हणाल्या. "मी कडंनंच चालत व्हते. मागं वळून बघितलं बी. दिवा व्हता, पन कसा? हळदीच्या पान्यावानी. म्हटलं, लय लांब हाय अजून. तेवढ्यात अंगावरच आली."

मी ते शब्द जसेच्या तसे लिहून घेतले, खाली त्यांचा अंगठा घेतला आणि कागद फाईलला लावला. जबाब लिहून घेणं आणि जबाब ऐकणं ही दोन वेगळी कामं आहेत. त्या दिवशी मी पहिलंच केलं.

गुरुवारी ठाण्यात निनावी फोन आला. बोलणारा घाईत होता. टाकवे बुद्रुकच्या एका आबांकडे पांढरी छोटी जुनी गाडी आहे, ते रोज सकाळी लोणावळ्याला दूध घालायला येतात आणि त्यांच्या गाडीचे पुढचे दोन्ही दिवे कोरे करकरीत आहेत, एवढं सांगून त्यानं फोन ठेवला. त्यातला शब्द न् शब्द खरा निघाला. हेच पुढे महागात पडलं.

आबांची गाडी अठरा वर्षांची. मागची सीट काढून तिथे दुधाचे कॅन ठेवायची सोय केलेली. गावातल्या दहा-बारा घरांचं दूध गोळा करायचं आणि लोणावळ्याच्या हॉटेलांना रतीब घालायचा, हा त्यांचा धंदा. मी जीप घेऊन गेलो तेव्हा सकाळचं दूध घालून ते नुकतेच परतले होते, डेअरीच्या ओट्यावर चारचौघांत बसले होते. गाडी जागोजागी गंजलेली, बंपरला तारेचा टाका, आणि पुढे दोन दिवे मात्र आरशासारखे लखलखीत.

माझ्या डोक्यात लगेच चक्र फिरलं. जुन्या गाडीचा एक दिवा गेला की माणूस एकच बदलतो. दोन्ही एकदम बदलतो तो कशासाठी? कोणता फुटला होता ते कळू नये यासाठी. मला स्वतःच्या हुशारीचं भारी कौतुक वाटलं. सुतावरून स्वर्ग गाठणं म्हणतात ते हेच, पण गाठताना तसं वाटत नाही.

सगळ्या गावासमोर आबांना जीपमध्ये बसवलं. गाडी जप्त करून माझ्यासोबत आलेल्या हवालदारांनी चालवत मागून आणली.

आबा साठीच्या पुढचे. अंगात पांढरा सदरा, बोलणं सावकाश. घाबरलेले होते, पण उत्तरं अडखळत नव्हती.

"सोमवारी सकाळी त्या रस्त्यानं गेला होता?"

"व्हय, गेलतो. रोजच जातो."

"दिवे कधी बदलले?"

"पंधरा-एक दिस झालं. नागपंचमीच्या आदी."

"कोणत्या मिस्त्रीकडून?"

"मिस्त्री कशाला? बंपर खाली घ्यायचा, बोल्ट काढायचं, वायरीची टोपी लावायची. आमचं आमीच केलं."

"बिल?"

"पुन्याच्या जुन्या बाजारात बिल कोन देतंय साहेब?"

"फुटला एक असेल तर एकच बदलायचा. दोन का बदलले?"

"फुटलं न्हवतं. पिवळं पडलं व्हतं, म्होरचं दिसंना. आन् एक बदलून काय करू? एकाच डोळ्यात काजळ घालतंय का कुनी?"

"जुने कुठे आहेत?"

"भंगारात दिलं कामशेतला. दोनीवर काळा टिपका व्हता बघा. गाडीला दिष्ट लागू नये म्हनून आमच्या कारभारनीनं आईलपेंटानं लावलेला."

हवालदारांना कामशेतच्या भंगारवाल्याकडे पाठवलं. ते तासाभरात परतले. "साहेब, माल गेला म्हणतोय. मंगळवारीच ट्रक भरला." झालं. बिल नाही, मिस्त्री नाही, जुने दिवे नाहीत, आणि त्याच वेळी त्याच रस्त्यावर होतो अशी कबुली. गावात विचारलं तर पंधरा दिवस रोज ती गाडी बघणारे लोकही म्हणाले, "आसतील बसवलं. आमी कुटं बघितलं?" पोलिसांची जीप दारात उभी राहिली की शेजाऱ्याची नजर अशी अधू होते. तेही मी आबांच्याच विरोधात धरलं. आणखी एक गोष्ट धरली. मावशी ज्या हॉटेलात कामाला, तिथे आबांचा रतीब होता. बुधवारी आबा त्यांना दवाखान्यात बघून आले होते, जाताना लिटरभर दूध घेऊन. चोराच्या मनात चांदणं, असं मी हवालदारांना म्हणालो. आज ते आठवलं की मान खाली जाते.

अटक दाखवली नाही, पण रोज सकाळी दहाला येऊन संध्याकाळपर्यंत बाकावर बसायला सांगितलं. आबा एसटीनं यायचे. फडक्यात भाकरी असायची. पहिल्या दिवशी त्यांनी मला गाडीबद्दल विचारलं. गाडी नाही तर रतीब नाही. दुसऱ्या दिवशी कळलं की गावातल्या सहा घरांनी दूध दुसऱ्याला द्यायला सुरुवात केलीय आणि मावशींच्या हॉटेलानं यांचं दूध बंद केलंय. "बाईमानसाला मारून पळालेल्याचं दूध नगो, आसं म्हनले," आबांनी सांगितलं. आवाज चढवला नाही. त्यांना दुधाचं तेवढं वाटत नव्हतं. पस्तीस वर्षं ज्या गावात लोक त्यांच्या मापावर डोळे मिटून विश्वास ठेवत आले, त्या गावात ते पळपुटे ठरत होते.

मला कबुली हवी होती. मी त्यांना तेच प्रश्न सरळ, उलटे, मधूनच विचारले. खोटं बोलणारा माणूस दुसऱ्या दिवशी आपली गोष्ट सुधारून आणतो, हा माझा अनुभव. आबांची गोष्ट जशीच्या तशी होती. माझा हट्ट मात्र वाढत गेला.

चौथ्या दिवशी मी कामशेतच्या एका मिस्त्रीला बोलावलं. गाडीचे दिवे उतरवून आतल्या बाजूला ठोकरीची खूण, वाकलेला पत्रा काही दिसतो का ते पंचांसमोर बघायचं होतं. ठाण्याच्या आवारात मिस्त्रीनं बंपर खाली घेतला. आबा लांब बाकावर बसून बघत होते. मिस्त्रीनं दिव्यातून बल्ब काढला तसे ते एकदम उठले.

"आरं, काचंला हात लावू नगो! फडक्यानं धर. हाताचं त्याल लागलं की बल्ब जातोय."

मिस्त्रीनं माझ्याकडे पाहिलं आणि फडकं घेतलं. आत पत्रा सरळ होता. ठोकर नव्हती. दिवे परत बसवून मिस्त्रीनं ते सुरू केले आणि समोरच्या भिंतीवर उजेड कुठे पडतो ते पाहून स्क्रू फिरवायला लागला. आबांना पुन्हा राहवेना.

"रिकाम्या गाडीचा दिवा लावून काय उपेग? मागं कॅन भरलं की गाडीचं तोंड वर व्हतं. मंग समोरच्याच्या डोळ्यात उजेड जातोय. मागं दोन मानसं बसवा आन् मंग लावा."

माझे हवालदार आणि एक शिपाई, दोघंही चांगले अंगानं भरलेले, त्या सीट नसलेल्या मागच्या भागात गुडघे छातीशी घेऊन बसले. बाकीचं ठाणं हसत होतं. उजेडाचा पट्टा भिंतीवर खरोखरच वीतभर वर सरकला. मिस्त्रीनं स्क्रू फिरवून तो खाली आणला.

"साहेब," मिस्त्री हळूच म्हणाला, "वीस वर्षं गॅरेज चालवतोय. समोरच्याच्या डोळ्याची काळजी करणारं गिऱ्हाईक मी अजून बघितलं नाही. हा माणूस ठोकून पळणाऱ्यातला वाटत नाही."

"वाटणं कोर्टात चालत नाही," मी म्हणालो.

पण मला झोंबलं. कारण माझ्याकडे तरी तीन दिवस 'वाटणं' सोडून दुसरं काय होतं? मी आत गेलो, मुद्देमालातला तो मोठा तुकडा पंचांसमोर उघडला आणि मिस्त्रीच्या पुढे धरला. हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. जागेवर सापडलेली वस्तू आधी जाणकाराला दाखवायची, मग माणूस शोधायचा. मी आधी कळस मग पाया असा कारभार केला होता.

मिस्त्रीनं तुकडा उजेडात फिरवला. नखानं न खरवडता नुसतं बघितलं, मग वास घेतला.

"हे प्लॅस्टिक उन्हानं पिवळं पडतं, साहेब. आम्ही पाणी लावून बारीक घासकागद मारतो, मग पॉलिश करतो. यावर काय केलंय बघा. वरचा थर सालपटासारखा सुटलाय. रेघा दिसतात का? ब्रशच्या आहेत. आणि हा ब्रशचा केस, आत चिकटलेला. हे फर्निचरचं वॉर्निश आहे. मारल्यावर महिनाभर चकाकतं, मग असं पिवळंजर्द होतं. आतला उजेड बाहेरच येत नाही."

हळदीच्या पाण्यासारखा दिवा. मावशींनी मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. मी फाईल काढून जबाब पुन्हा वाचला आणि या वेळी ऐकला.

"असं काम कोण करतं?" मी विचारलं.

मिस्त्री घुटमळला. गिऱ्हाईकाचं नाव पोलिसांपुढे घ्यायचं म्हणजे धंद्याला बट्टा. शेवटी तो म्हणाला, "बेडशाच्या बाजूला एक बंगला आहे, पाहुण्यांना भाड्यानं देतात. तिथला मॅनेजर उन्हाळ्यात आलता. गाडी पांढरी, जुनी. दिवे बदला म्हटलं, निदान पॉलिश तरी करा म्हटलं. तर बोलला, राहू दे, बंगल्यात फर्निचरचं काम चालू आहे, त्या पॉलिशवाल्याकडून हात मारून घेतो."

मी टोपी घातली. जाता जाता कामशेतच्या भंगारवाल्याकडे जीप थांबवायला लावली. हवालदार म्हणाले, "साहेब, मी विचारून आलोय." मी म्हटलं, विचारलं ते ठीक, आता बघू. भंगारवाल्यानं तेच सांगितलं, माल गेला. "लोखंड गेलं, की सगळंच?" मी विचारलं. तो हसला. "लोखंडच, साहेब. असलं प्लॅस्टिक कोण घेतो? मागं पडलंय ढिगात." दहा मिनिटं आम्ही तिघं त्या चिखलात ढीग उपसत होतो. पोत्याखाली एक दिवा निघाला, मग दुसरा. दोन्ही पिवळे, धुरकट, पण अखंड. कुठे तडासुद्धा नाही. दोन्हींच्या वरच्या कोपऱ्यात ऑईलपेंटचा काळा ठिपका. हवालदारांचा चेहरा पडला. पण त्यांना पाठवणारा मीच होतो.

बंगल्यावर पोहोचलो तेव्हा दुपारचे चार वाजले होते. मॅनेजर तिशीतला, इस्त्रीच्या शर्टातला, बोलायला गोड. गाडी पोर्चमध्ये कव्हर घालून उभी होती.

"कव्हर काढा."

"सर, गाडी बंद आहे. बॅटरी उतरलीय."

"कव्हर काढायला बॅटरी लागत नाही."

काढलं. डावा दिवा जुन्या बाजारातला, पण स्वच्छ. उजवा पिवळा, वरचा थर सालपटं सुटलेला, त्यावर ब्रशच्या उभ्या रेघा. बॉनेटच्या डाव्या कोपऱ्यावर नवा रंग. मी चावी मागितली. हवालदारांनी स्टार्टर मारला आणि गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली. दिवे लावले. पोर्चच्या भिंतीवर एक पांढरा गोल पडला आणि त्याच्या शेजारी एक हळदीचा डाग.

मॅनेजर त्या भिंतीकडेच बघत राहिला.

"दिसलंच नाही, सर," तो अखेर म्हणाला. "गेस्टना स्टेशनला सोडून परत येत होतो. दणका बसला. वाटलं, दगड असेल. आरशात नुसतं धुकं."

"दगड होता तर दिवा लपूनछपून का बदलला?"

तो खाली बसला. "थांबायला हवं होतं. दोन महिने रोज म्हणत होतो, दिवे बदलू. रोज वाटायचं, आजचा दिवस निघून जाईल."

त्याला अटक केली. उजवा दिवा आणि जागेवरचा तुकडा प्रयोगशाळेला पाठवला, वॉर्निश एकच असल्याचा अहवाल आला. पुढे रीतसर दोषारोपपत्र गेलं, शिक्षा झाली. वरिष्ठांनी शाबासकी दिली. प्रकरण म्हणून एवढ्यावर संपतं.

पण आम्ही ठाण्यात परतलो तेव्हा आबा अजून बाकावर होते. मी त्यांना सांगितलं, खरा माणूस सापडला, गाडी सोडतोय, तुम्ही घरी जा. माझ्या मते मी त्यांना आनंदाची बातमी देत होतो.

आबा उठले नाहीत.

"जाऊ कुटं?" ते म्हणाले. "आनलं तवा समद्या गावानं बघितलं. डेअरीपुढनं जीपमदी घालून आनलं. आन् सोडताना गुपचूप मागल्या दारानं सोडता व्हय? मी गावात जाऊन काय सांगू? सुटलो? सुटतो तर चोर बी. मला जसं आनलं तसंच न्हिऊन सोडा, साहेब. न्हाईतर मी हितंच बसतो."

हवालदार पुढे सरसावले. "आबा, साहेबांशी कसं बोलताय?" मी त्यांना हातानं थांबवलं. खरं सांगतो, मला राग आला होता. आम्हाला माणूस आणायची सवय असते, न्यायची नसते. पोलीस नियमावलीत आणण्याची कलमं आहेत, जप्तीचे नमुने आहेत, परत पोचवण्याचा नमुना नाही. घटकाभर मी माझ्या खुर्चीत जाऊन बसलो. मग माझी मलाच लाज वाटली आणि मी जीप काढायला सांगितली.

संध्याकाळच्या दुधाची वेळ साधून आम्ही टाकव्यात शिरलो. पुढे जीप, जीपमध्ये माझ्या शेजारी आबा, मागे त्यांची गाडी. डेअरीपुढे रांग होती. हातात किटल्या घेतलेले लोक आमच्याकडे वळले. मी गणवेशात, डोक्यावर टोपी. खाली उतरलो, आबांना उतरवलं आणि मोठ्यानं बोललो.

"चार दिवसांपूर्वी मी यांना इथून घेऊन गेलो. यांनी काही केलेलं नाही. ज्यानं केलं तो आज पकडलाय. यांनी गाडीचे दिवे वेळेवर बदलले, एवढ्याच कारणावरून मी यांच्यावर संशय घेतला. चूक माझी आहे. त्याची मी सगळ्यांसमोर माफी मागतो."

मग रांगेतली एक म्हातारी पुढे आली. तिनं आपली किटली डेअरीच्या काट्यावरून उचलली आणि आबांच्या गाडीजवळ नेऊन ठेवली. "घे रं बाबा. सकाळच्याला लवकर ये," एवढंच ती म्हणाली. तिच्यामागून आणखी दोघं आले. सगळे आले नाहीत. आबांनी सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले आणि लगेच कॅनचं झाकण उघडायला वळले, जणू काही मला बघितलंच नाही.

मावशी हॉटेलात पुन्हा कामाला लागायला सात महिने लागले. त्यांनी हॉटेलवाल्याशी भांडून आबांचा रतीब सुरू करून घेतला. पण सहापैकी दोन घरांचं दूध आबांकडे परत कधीच आलं नाही. धूर निघाला म्हणजे कुठेतरी जाळ असणारच, असं मानणारी माणसं प्रत्येक गावात असतात, आणि तो धूर मी काढला होता. पुढे ज्या ज्या ठाण्याला गेलो तिथे मी एक रीत पाडली. ज्याला चारचौघांतून उचललं आणि जो निर्दोष निघाला, त्याला अधिकाऱ्यानं स्वतः तिथेच, तेवढ्याच माणसांसमोर नेऊन सोडायचं. काही सहकारी हसले. हसू दिलं.

त्या प्रकरणाच्या उत्कृष्ट तपासाची नोंद माझ्या सेवापुस्तकात आहे. आबांना चार दिवस विनाकारण बाकावर बसवल्याची आणि डेअरीपुढे नेऊन सोडल्याची नोंद मात्र ठाण्याच्या कुठल्याही कागदावर नाही. ती राहून गेली होती, म्हणून इथे करतो आहे.